ओळखीतला तांदूळ

दिवाळी सरली, धान निघालं, की आमच्या चंद्रपुरात माणसं एकमेकांची तब्येत विचारायचं बंद करतात. त्याऐवजी विचारतात, "भरला काय जी तांदूळ?" या प्रश्नाला नुसतं 'हो' चालत नाही. 'हो' म्हटलं की कोणता, कोणता ते सांगितलं की कुठून, आणि कुठून ते सांगितलं की कितीने पडला. शेवटच्या प्रश्नाला तुम्ही काहीही उत्तर द्या, समोरच्याला तोच तांदूळ किलोमागे तीन रुपयांनी स्वस्त मिळालेला असतो. एकदा मी निव्वळ संशोधन म्हणून खऱ्या भावातून दहा रुपये उडवून आकडा सांगितला. समोरच्याने आढ्याकडे बघून हिशेब केला आणि हळहळत म्हणाला, "महाग पडला जी तुमाले. मले सांगायचं होतं ना. आपली ओळख आहे मूलले."

तर अशी ही ओळख. दुकानात जायचं, पैसे टाकायचे, तांदूळ घेऊन यायचं, हे बदली होऊन आलेल्या बँकवाल्यांनी करावं. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या खानदानी घरात तांदूळ विकत येत नाही, ओळखीतून येतो. पैसे दोन्हीकडे मोजावेच लागतात. ओळखीत थोडे जास्तच जातात, कारण ओळखीच्या माणसाशी घासाघीस करता येत नाही, त्याच्याकडचा अतिगोड चहा प्यावा लागतो आणि उन्हाळ्यात त्याच्या पोरीच्या लग्नात आहेर करावा लागतो. पण तांदूळ स्वस्त पडतो.

या ओळखीलाही पायऱ्या आहेत. सगळ्यात वर 'घरचा' तांदूळ. ज्याच्याकडे तो येतो, तो माणूस एरवी चारचौघांत गप्प असला तरी तांदळाचा विषय निघाला की खुर्चीत मागे रेलतो. त्याखाली 'सासरचा', त्याखाली ठेक्याने दिलेल्या शेतीतला, त्याखाली राईस मिलच्या मालकाच्या ओळखीचा आणि त्याखाली मिलच्या मुनीमाच्या ओळखीचा. शेवटच्या पायरीवर मॉलमधलं पाच किलोचं चकचकीत पाकीट. ते कुणाच्या हातात दिसलं की लोक आवाज खाली आणून विचारतात, "घरी सगळं बरं आहे ना?"

मी मुनीमाच्या पायरीवर आहे. सासर गडचिरोली जिल्ह्यात आहे, तिथे धानही पिकतं, त्यामुळे खरं तर मला बढती मिळायला हवी. पण जावयाने तोंडाने तांदूळ मागायचा नसतो आणि सासऱ्याने न मागता किती द्यायचा याला आमच्याकडे काही नियम नाही.

मुनीमाची ओळखही माझी नाही, काकाजींची आहे. काकाजी आमच्या गल्लीतले तांदळाचे तज्ज्ञ. सिंदेवाहीला धानाचं सरकारी संशोधन केंद्र आहे. बाकीची केंद्रं खासगी आहेत आणि ती दर गल्लीत एक अशी पसरलेली आहेत. काकाजींना सोबत घेतल्याशिवाय मूलच्या मिलमध्ये पाऊल टाकायचं नाही, असा आमच्याकडे दंडक आहे. ते पोत्यात हात कोपरापर्यंत घालतात आणि तळातला तांदूळ वर काढतात, कारण वर ठेवलेला 'दाखवायचा' असतो. मग तो तळव्यावर चोळतात, फुंकर मारतात, उडालेला कोंडा बघून "डबल पॉलिश" किंवा "सिंगल" असा निकाल देतात. मग "पोट पांढरं आहे", "तुकडा जास्त आहे", "सॉर्टेक्समधून काढला काय?" अशा फैरी झडतात. शेवटी एक दाणा पुढच्या दातांखाली धरून डोळे मिटतात. 'कट्' वाजलं तर तांदूळ जुना, पाणी जास्त पितो, भात मोकळा होतो. नुसतं 'कच्' झालं तर नवा, भात गिचका होणार. काकाजींचे समोरचे दात कवळीचे आहेत. त्यामुळे 'कट्' नेमकं तांदळाचं वाजलं की कवळीचं, ही शंका मी आजवर पोटात ठेवली आहे.

गेल्या खेपेला तर आम्ही नमुने आणले. जय श्रीराम, एचएमटी, चिन्नोर आणि मुनीमाने "हे कोणाले दाखवत नाही" म्हणून हळूच दिलेला एक. छोट्या छोट्या पुड्या. मी त्यांवर नावं लिहायला पेन काढला तर काकाजी दुखावले. "लिहायचं काय त्याच्यात? वासावरून समजते." घरी प्रत्येक नमुना वेगळ्या वाटीत शिजवला. काकाजी, काकू, आई, बायको, पोरं असे सगळे पाटावर बसले. शितावरून भाताची परीक्षा होते म्हणतात, पण काकाजींना परीक्षेसाठी दोन वाट्या भात आणि वर तूप लागलं. खूप वादावादी होऊन एका वाटीवर सर्वांचं एकमत झालं. काय सुवास, काय मऊपणा! काकाजींचं तर म्हणणं पडलं की हाच तो मुनीमाचा गुप्त तांदूळ, अशी चव पैशाने मिळत नाही, त्याला ओळखच लागते.

आईने स्वयंपाकघरातून सांगितलं, "ते तर घरचे शिजवले होते, कमी पडतील म्हून." 'घरचे' म्हणजे मागचा साठा संपल्यावर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून आणलेले. ही गोष्ट त्या पाटावरून बाहेर जाणार नाही असं ठरलं. आम्ही तांदूळ मूलहूनच आणला.

चर्चेत एचएमटीचं नाव निघालं की काकाजी जरा जपून बोलतात. त्यांच्या माहितीप्रमाणे ही बंगलोरची कंपनी. मोबाइल आल्यावर घड्याळं खपेनात, म्हणून ती तांदळात उतरली. मी त्यांना म्हटलं, काकाजी, हे वाण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी रामाजी खोब्रागड्यांनी काढलेलं. दीड एकराचे धनी, शाळा तिसरीपर्यंत. १९८३ साली पटेल-३ धानाच्या बांधीत त्यांना दोनतीन पिवळसर लोंब्या वेगळ्या दिसल्या. एखाद्याने त्या धानासोबत कापून टाकल्या असत्या. यांनी जपून ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या आणि वर्षानुवर्षं निवडत राहिले. दाणा बारीक, उतारा चांगला, भाताला वास. बाजारात गेला तेव्हा या तांदळाला नावच नव्हतं. त्या काळी मनगटावर एचएमटीचं घड्याळ असणं म्हणजे मोठी ऐट, तर व्यापाऱ्याने तेच नाव तांदळाला चिकटवलं. ते इतकं घट्ट बसलं की आता मध्य प्रदेश-छत्तीसगडातही तांदूळ त्याच नावाने मागतात.

"अन् दादाजीचं नाव?" काकाजींनी विचारलं.

म्हटलं, ते विचारायचं राहून गेलं असेल. नंतर मात्र दादाजी सावध झाले. पुढच्या वाणांपैकी एकाला 'नांदेड हिरा' म्हटलं, एकाला 'डीआरके', म्हणजे सरळ आपली आद्याक्षरंच. २००५ साली राष्ट्रपती कलामांच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला, २०१० साली फोर्ब्सने त्यांचं नाव यादीत घेतलं. ३ जून २०१८ला ते गेले, गडचिरोलीजवळच्या शोधग्रामच्या दवाखान्यात.

काकाजींनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नांदेड म्हणजे ते मराठवाड्यातलं?"

"नाही जी, आपलं. नागभीडजवळचं."

"तिकडे तर आपली बम ओळख आहे," काकाजी विचारात पडून म्हणाले, "पण हे नाव नाही ऐकलं बाप्पा."

तांदूळ आणणं सोपं म्हणावं इतकं तो ठेवणं अवघड आहे. पत्र्याची कोठी घेतली ती दारातून आत येईना. दुकानदार म्हणाला, "दार काढा ना जी." दार काढलं, कोठी आली, दार पुन्हा बसवलं. तेव्हापासून ते दार पावसाळ्यात लागत नाही आणि उन्हाळ्यात उघडत नाही. मग पाहुण्यांनी सल्ले दिले. एकाने कडुनिंबाचा पाला सांगितला, एकाने एरंडेल, एकाने बोरिक पावडर, एकाने सुक्या मिरच्या. आम्ही कुणाचंच मन मोडलं नाही. परिणामी तीन महिने आमच्या भाताला आयुर्वेदिक दवाखान्याचा वास येत होता. एकाने "गच्चीवर वाळत घाला" म्हणून सांगितलं. तो नक्की बाहेरगावचा असणार. कोळशाच्या या गावात सकाळी गच्चीवर घातलेला पांढराशुभ्र तांदूळ दुपारपर्यंत सावळा होतो आणि संध्याकाळी तो घडी करून उचलावा की धुऊन, हे कळत नाही.

एवढं करून होळीला सोंडे झालेच. आई म्हणाली, झाकण नीट लावलं नसेल. बायको म्हणाली, मिलमधूनच आले. पुस्तकात बघितलं तर बायको बरोबर निघाली. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि वरून भोक बुजवून टाकते. अळी आतल्या आत दाणा खात वाढते आणि थेट सोंडा होऊनच बाहेर पडते. म्हणजे आपण झाकण लावतो तेव्हा मंडळी आधीच आत सहकुटुंब असतात. सोंडेसुद्धा ओळखीतूनच येतात तर.

आता या घरात, या कोठीच्या शेजारी, केफिर कसं आलं ते सांगतो.

पुण्याच्या वहिनींचा फोन आला. "भावोजी, तुम्हाला एक जिवंत गोष्ट पाठवतेय. सांभाळाल ना?" आम्हाला वाटलं मांजर. आला तो कुरिअरचा डबा, त्यात पिशवी, पिशवीत पांढरट, फुलकोबीच्या तुऱ्यासारखे बुळबुळीत दाणे. हे दाणे दुधात टाकायचे, दिवसभर ठेवायचं, गाळायचं, जे दूध होईल ते प्यायचं आणि दाणे पुन्हा नव्या दुधात. दाण्यांत जीवाणू आणि यीस्ट एकत्र नांदतात म्हणे, कितीतरी जातींचे. आमच्या संयुक्त कुटुंबाला हे एकदम पटलं नाही.

वहिनींनी सूचनांची यादी पाठवली होती. चमचा लाकडी वापरा. झाकण घट्ट लावू नका, कापड बांधा. दोन दिवस उपाशी ठेवू नका. आणि शेवटची: 'खोलीच्या तापमानाला ठेवा.' मी वहिनींना फोन केला.

"कोणत्या खोलीच्या?"

"कुठल्याही. वीस ते पंचवीस अंश."

वहिनी मूळच्या कोथरूडच्या. मे महिन्यात चंद्रपुरात पारा ४५च्या वर असतो आणि वीस अंश ही संख्या आम्हाला फक्त भूमितीत भेटते. पहिल्याच दिवशी दूध सकाळी ठेवलं आणि आंघोळ करून येईपर्यंत त्याचं वर घट्ट, खाली पाणी झालं होतं. बायकोने ते पाणी बघून विचारलं, "हे झालं का बिघडलं?" मी वहिनींना विचारलं. वहिनी म्हणाल्या, "दोन्ही म्हणता येईल."

मग केफिरची बरणी कूलरसमोर आली. विदर्भात कूलरसमोरची जागा ही वडिलोपार्जित मालमत्ता असते, ती वयाप्रमाणे वाटली जाते. आमच्याकडे तिथे आईची खाट. बरणीसाठी खाट फूटभर सरकवली. रात्री आई अंधारात म्हणाली, "त्या बरणीले कूलर अन् मले पंखा?" कुणी काही बोललं नाही. मध्यरात्री वीज गेली तेव्हा घरातल्या माणसांपैकी एकाने बरणीला पुठ्ठ्याने वारा घातला. तो मी नव्हतो एवढं सांगून हा विषय संपवतो.

या बरणीला एवढा मान मिळाला, याला कारण तिचा इतिहास. वहिनींनी तो फोनवर रंगवून सांगितला. केफिर मूळ कॉकेशस पर्वतातलं. तिथले लोक हे दाणे परक्याला देत नसत. मॉस्कोच्या डॉक्टरांना रोग्यांसाठी ते हवे होते, पण मिळायचे कसे? सांगतात ते असं, की एका दुग्धशाळेने इरिना साखारोवा नावाची तरुणी तिकडच्या एका राजपुत्राकडे पाठवली. तिने त्याच्याशी बोलून-चालून दाणे काढून आणायचे, असा बेत. राजपुत्राने दाणे दिले नाहीत, उलट तिलाच पळवून नेलं आणि लग्नाची मागणी घातली. तिची सुटका झाली, प्रकरण झारच्या दरबारात गेलं आणि नुकसानभरपाईत दागदागिने नको म्हणून तिने दहा पौंड केफिरचे दाणे मागून घेतले. १९०८ साली मॉस्कोत केफिर बाटलीतून विकायला आलं, ते असं.

काकाजींना ही गोष्ट मी सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. "त्या बाईले ओळख नव्हती ना," ते म्हणाले. "ओळख असती तर काऊन एवढा त्रास?"

केफिरची एक अडचण वहिनींनी यादीत लिहिली नव्हती. ते वाढतं. धान वर्षातून एकदा होतं, फार तर उन्हाळी धरून दोनदा. केफिरचा हंगाम रोज असतो. बरणीतले दाणे दुप्पट झाले, मग आणखी दुप्पट. दूधवाल्याने विचारलं, "घरी लहान मूल आहे काय?" फेकून द्यावेत तर जिवंत आहेत. म्हणून वाटायला सुरुवात केली. आधी शेजारी, मग ऑफिस, मग ज्यांना आम्ही दिवाळीला फराळसुद्धा देत नाही अशांना. लोक रात्री फोन करू लागले. "ते बरणीतून फसफस आवाज येऊन राहिला जी, भेव वाटते." एका वहिनींनी त्याची कढी केली. एका गृहस्थांनी दाणे चावून खाल्ले, छान आहेत पण मीठ कमी आहे म्हणाले.

काकाजींना बरणी दिली तेव्हा त्यांनी सवयीने विचारलं, "कितीला पडलं?"

"फुकट."

काकाजी अस्वस्थ झाले. फुकटापेक्षा किलोमागे तीन रुपये स्वस्त कसं आणणार? ते बरणी घेऊन गेले, पण चाल पडलेली होती. काही दिवसांनी ते हसत हसत परत आले, हातात बाटली. "घ्या. खास तुमच्यासाठी आणलं. बल्लारशाला आपला एक माणूस आहे, त्याचा पोरगा रशियाले डॉक्टरी शिकून राहिला. डायरेक्ट तिकडचं." बाटलीवरचं झाकण आमच्या लोणच्याच्या बरणीचं होतं. ते मी माझ्या भाच्याच्या ऑफिसातल्या एकाला दिलेलं होतं, बल्लारशाच्याच. मी चव घेतली.

"तुमचं जरा आंबट होतं," काकाजी म्हणाले. "हे ओरिजिनल."

उन्हाळ्याच्या सुट्टीत सासरी जायचं ठरलं. सासर गडचिरोलीच्या पुढे, पोर्ल्याच्या बाजूला. घर बंद राहणार, केफिर उपाशी राहणार, म्हणून बरणी सोबत घेतली. एस.टी.त सांडू नये म्हणून तिला फिरकीचं झाकण लावलं आणि घट्ट पिळलं. वहिनींच्या यादीत याविषयी जे लिहिलं होतं ते आईने बसमध्ये आठवून दिलं, पण तोवर सावली मागे पडली होती.

इथे थोडा भूगोल आवश्यक आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये झाली आणि २०२१ मध्ये उठली. दोन जिल्ह्यांच्या मधे वैनगंगा आणि वैनगंगेवर पूल. त्यामुळे चंद्रपूरकडून पुलाकडे जाणाऱ्या बसमध्ये कुणाच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं काही दिसलं आणि त्याने ते दोन्ही हातांनी धरलं असेल, की सहप्रवासी आपोआप खिडकीबाहेर बघू लागतात. आम्ही व्याहाड ओलांडलं, पुलावर आलो आणि बरणीचं झाकण उडालं.

आवाज मोठा नव्हता. पण वास उमदा होता. आंबूस, यीस्टचा, थोडा चढता. पुढच्या बाकावरच्या टोपीवाल्या आजोबांच्या मानेवर पांढरे थेंब पडले. त्यांनी बोटाने एक टिपला, हुंगला, आणि मागे न बघता, जाणकाराच्या आवाजात म्हणाले, "मोहाची नाही."

कंडक्टर आला. "काय आहे जी याच्यात?"

"दही आहे."

"दही उडते काय?"

"रशियाचं आहे."

कंडक्टरने माझ्याकडे, मग आईकडे बघितलं. आईने, जिची खाट फूटभर सरकवली गेली होती, त्या आईने संधी साधली. "मले नाही माहीत बाप्पा," ती म्हणाली, "रातभर त्याच्याचजवळ बसला राहते."

पुढचा अर्धा तास मी आख्ख्या बसला यीस्ट समजावून सांगितलं. केफिरमध्ये अल्कोहोल अगदी नावापुरता होतो, हे वाक्य मी प्रामाणिकपणे उच्चारलं आणि तिथेच माझी बाजू पडली. "म्हणजे होते ना?" एका बाईंनी विचारलं. आजोबा म्हणाले, "नावापुरता होत असन तर कायले नेता मग?" गडचिरोलीचा स्टँड आला तेव्हा उतरताना तीन जणांनी कानाशी येऊन विचारलं, हे कुठं मिळतं.

सासूबाईंनी बरणी बघितली, दूध बघितलं, त्यातले दाणे बघितले. "दूध नासलं जी जावईबापू, तरी काही होत नाही," असं म्हणून आम्ही हातपाय धुऊन येईपर्यंत त्यांनी ते सगळं चुलीवर ठेवून दोन उकळ्या आणल्या, गूळ घातला आणि मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, ताटात वाढलं. कॉकेशसमधून झारच्या दरबारात, मॉस्कोहून कुठून कुठून पुण्यात, पुण्याहून कूलरसमोर पोचलेली ती वंशावळ मामाजींनी भाकरीशी खाल्ली. "खरवसच म्हणाव ना," म्हणाले, "पण चीक कमी होता."

केफिरचं मला फार वाईट वाटायला वेळ मिळाला नाही, कारण अंगणात आणखी एक प्रयोग चालू होता. सासूबाई सुपात रेशनचा तांदूळ घेऊन निवडत होत्या. घरी धान पिकतं तरी रेशन सोडायचं नसतं. गडचिरोली हा राज्यात पोषणयुक्त तांदळाचा प्रयोग सुरुवातीला झाला त्या भागांपैकी एक. शंभर किलो तांदळात एक किलो खास दाणे मिसळत असत. तांदळाच्याच पिठाचे, आत लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेले. दिसायला जरा वेगळे, पाण्यात टाकले की तरंगतात. त्यामुळे हे 'प्लास्टिकचे तांदूळ' अशी गावोगावी खात्री आहे. सासूबाई एकेक दाणा शोधून बाजूला काढत होत्या, डोळ्याला चष्मा लावून. सरकारने मिसळलेला एकही दाणा त्यांच्या नजरेतून सुटत नव्हता. ढीग झाला की तो कोंबड्यांना. मी त्यांना सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि पुन्हा निवडू लागल्या. त्या घरातल्या कोंबड्या मी इतक्या टवटवीत दुसरीकडे कुठे पाहिल्या नाहीत. सासूबाई स्वतः जेवणानंतर रक्तवाढीची गोळी घेतात, तालुक्याच्या दवाखान्यातून आणलेली.

परतीच्या दिवशी मामाजींनी, मी काही न बोलता, ढोलीतलं धान काढून गावातल्या हलरवर भरडलं आणि एचएमटीचा पंचवीस किलोचा कट्टा माझ्यापुढे ठेवला. मी "कशाला, कशाला" म्हटलं, पण हात कट्ट्यावरून काढला नाही. सासूबाईंनी बरणी रिकामी जाऊ नये म्हणून तिच्यात आंबील भरून दिली. तांदळाचं पीठ रात्री पाण्यात कालवून मडक्यात ठेवायचं, सकाळपर्यंत आंबतं, मग शिजवून मीठ घालायचं. तापमान विचारलं तर म्हणाल्या, "चुलीपासून जराक दूर."

एस.टी.चा योग असा की परतताना कंडक्टर तोच. त्याने मला ओळखलं, बरणी ओळखली आणि दोन बाकांचं अंतर ठेवून थांबला.

"आज काय आहे?"

"आंबील."

"मग काऊन सांगत नाही? बसा ना जी." त्याने माझ्या शेजारचीच जागा धरली, स्वतःच्या डब्याचं झाकण पुढे केलं आणि अर्धी आंबील पिऊन मग कट्ट्याचं लगेज तिकीट फाडलं. ओळख झाली म्हणून काही तिकीट सोडलं नाही. कट्ट्याच्या शिवणीतून बोटाने चार दाणे काढले, तळव्यावर चोळले, फुंकर मारली, एक दाताखाली धरला.

"सासरचा?"

"हो."

"सिंगल पॉलिश. भारी माल आहे. कितीला पडला?"

खरं म्हणजे काहीच पडलं नव्हतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच हा प्रश्न मला वरच्या पायरीवर उभा असताना विचारला गेला होता. मी खुर्ची नसल्यामुळे बाकावरच मागे रेललो आणि बाजारभावापेक्षा तीन रुपये कमी सांगितला.

कंडक्टरने पुलापर्यंत विचार केला. मग जवळ सरकला. "दिवाळीनंतर आपल्यासाठी दोन कट्टे सांगून ठेवता काय? तुमची ओळख आहे म्हणून म्हणतो. मी कोणाले सांगत नाही."

मी गंभीरपणे "बघू" म्हटलं. त्याने मोबाइल काढला, माझा नंबर घेतला, नाव काही विचारलं नाही. सेव्ह करताना मी वाकून बघितलं. त्याने लिहिलं होतं: 'एचएमटी चंद्रपूर'.